स्टर्नड्राइव्हमधील तेलगळतीचा शोध

मोटारीच्या इंजिनात घातलेल्या तेलाचा थोडासा अंश जळतो व धुराबरोबर निघून जातो. म्हणून इंजिनातील तेल काही काळाने किंचित उतरले, तर त्यात आश्चर्य वाटावयास नको. परंतु ज्या पेटीत केवळ दंतचक्रे फिरतात, तेथे ज्वलन मुळीच होत नाही. अशा बंद पेटीतील तेलाची पातळी उतरली, तर ते तेल कोठून तरी बाहेर पडले असलेच पाहिजे. आणि ही पेटी जर पाण्यात बुडालेली असेल, तर ज्या फटीतून तेल बाहेर पडते त्याच फटीतून पाणी आत शिरण्याची भीतीही असते. स्टर्नड्राइव्ह नावाच्या नौकायंत्रात नेमकी हीच परिस्थिती असते. या यंत्रातील तेल का कमी होते, ते कोठे जाते आणि गळतीचे स्थान क्रमाक्रमाने कसे शोधून काढावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

यंत्राची ओळख

मोटरबोटीस गती देण्याच्या दोन पद्धती फार पूर्वीपासून रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत इंजिन नावेच्या पोटात असते; त्याला जोडलेला लांब दांडा तळातून तिरपा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाशी पंखा फिरतो. दुसऱ्या पद्धतीत इंजिन, दांडा व पंखा हे सर्व एकत्र जोडून नावेच्या पिछाडीस बाहेरून टांगलेले असते. यालाच आउटबोर्ड असे म्हणतात. स्टर्नड्राइव्ह म्हणजे या दोहोंचा संगम होय. यात इंजिन नावेच्या आत, पिछाडीच्या फळीलगत बसविलेले असते आणि दंतचक्रांची पेटी व पंखा त्या फळीच्या बाहेर, पाण्यात असतात. ही पेटी डावीउजवीकडे वळविता येत असल्याने निराळे सुकाणू लागत नाही. उथळ पाण्यात ती वर उचलूनही घेता येते.

या रचनेस व्यापारी यश मिळाले ते स्वीडनमधील व्होल्व्हो पेंटा या कंपनीच्या 'अ‍ॅक्वामॅटिक' यंत्रामुळे. अमेरिकन अभियंता जिम विन याच्या कल्पनेवर आधारलेले हे यंत्र १९५९ साली न्यूयॉर्क येथील नौकाप्रदर्शनात लोकांसमोर आले. त्यापाठोपाठ १९६१ साली अमेरिकेत 'मर्क्रूझर' हे यंत्र निघाले. उत्तर अमेरिकेतील सरोवरांवर व स्कॅन्डिनेव्हियाच्या किनाऱ्यांवर फिरणाऱ्या लहान बोटींत या दोन्ही घराण्यांची यंत्रे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. या पाठातील वर्णन मुख्यतः मर्क्रूझर जातीच्या यंत्रास अनुसरून केले आहे. तथापि तत्त्वे सर्वत्र सारखीच आहेत.

शक्तीचा मार्ग ध्यानात घेतल्यास पुढील विवेचन सुलभ होईल. इंजिनाची फिरत पिछाडीच्या फळीतून आडव्या दांड्याने बाहेर येते. पेटी वळावी व उचलता यावी म्हणून या दांड्यात युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोणत्याही दिशेने वाकू शकणारा सांधा, बसविलेला असतो. पेटीच्या वरच्या भागात शंकूच्या आकाराच्या दंतचक्रांची एक जोडी ही फिरत काटकोनात वळवून उभ्या दांड्यास देते. खालच्या भागात दंतचक्रांची दुसरी जोडी ती पुन्हा काटकोनात वळवून पंख्याच्या दांड्यास देते. दोन काटकोनांच्या या वळणामुळे शक्तीचा मार्ग इंग्रजी झेड अक्षरासारखा दिसतो. वरचा व खालचा असे पेटीचे दोन्ही भाग तेलाने भरलेले असतात. पेटीच्या आकाराप्रमाणे हे तेल सामान्यतः दोन ते तीन लिटर असते.

तेलाचे कार्य

दोन दंतचक्रांचे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते एकमेकांवरून घसरतात. इंजिनाची सर्व शक्ती एका वेळी थोड्याच दात्यांच्या अरुंद पृष्ठभागांतून पुढे जात असल्याने तेथील दाब फार मोठा असतो. गियर ऑइल दाट असते व त्यात गंधक, फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. अतिदाबाखाली तेलाचा पापुद्रा तुटू लागला, की ही संयुगे धातूच्या पृष्ठाशी संयोग पावून एक रक्षक थर निर्माण करतात. याखेरीज बेअरिंगे थंड ठेवणे व पोलादास गंजापासून वाचविणे, ही कामेही तेलासच करावी लागतात.

तेल कमी पडले, तर सर्वांत आधी वरच्या भागातील दंतचक्रे व बेअरिंगे कोरडी पडतात. तेलात पाणी मिसळले, तर त्याचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा होतो. असे दुधाळ तेल दात्यांमध्ये अखंड पापुद्रा धरू शकत नाही. बोट महिनोन् महिने उभी राहिल्यास त्यातील पाणी बेअरिंगांच्या गोळ्यांवर गंजाचे डाग पाडते. पुढे तेच डाग खोल होऊन बेअरिंग घरघरू लागते. अखेरीस दाते तुटतात, आणि ते बहुधा भर वेगात, किनाऱ्यापासून दूर असतानाच तुटतात. वारा व प्रवाह यांच्या स्वाधीन झालेल्या नावेतील माणसांचा जीव अशा वेळी काही रुपयांच्या एका रबरी कड्यामुळे संकटात येतो.

तेल अडविणारी साधने

पेटीतून जेथे जेथे फिरता दांडा बाहेर येतो, तेथे तेथे तेल अडविण्यासाठी सील बसविलेले असते. सील म्हणजे धातूच्या कड्यात बसविलेला रबराचा ओठ होय. एक बारीक वर्तुळाकार स्प्रिंग या ओठास दांड्यावर हलकेच आवळून धरते. न फिरणाऱ्या सांध्यांत ओ-रिंग, म्हणजे गोल छेदाची रबरी वळी, असते. तेल भरण्याच्या व काढण्याच्या मळसूत्री बुचांखाली मऊ वॉशर असतात.

गळतीच्या जागा अशा रीतीने मोजक्याच ठरतात. पहिली जागा पंख्याच्या दांड्यावरील सील. येथे बहुधा दोन सील एकमेकांस पाठ लावून बसविलेले असतात. आतल्या सीलचा ओठ तेलाकडे, तर बाहेरच्याचा पाण्याकडे असतो. म्हणूनच एखाद्या वेळी तेल गळते, पण पाणी आत शिरत नाही; किंवा पाणी शिरते, पण तेल गळत नाही. दुसरी जागा इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे, पेटीच्या तोंडाशी असलेले सील. तिसरी, पुढची व मागची गती बदलणाऱ्या उभ्या काडीचे सील. चौथी, पेटीच्या वरच्या व खालच्या भागांमधील सांधा. पाचवी, मळसूत्री बुचे. आणि सहावी, तेलाची बाटली, तिची नळी व त्या नळीचे सांधे. या सहाव्या जागेचे महत्त्व विशेष असल्याने तिचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

उंचावरील बाटली व दाबाचा तोल

पुष्कळ स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिनाजवळ, पाण्याच्या पातळीहून उंच अशा ठिकाणी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची एक बाटली बसविलेली असते. बाटलीतून निघालेली नळी पिछाडीच्या फळीतून जाऊन पेटीस मिळते. तेल उतरले तर ते प्रथम बाटलीत दिसून येते, हा या योजनेचा एक लाभ. परंतु तिचा दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे.

समजा, पंख्याचा दांडा पाण्याखाली ६० सेंटिमीटर आहे आणि बाटलीतील तेलाची पातळी पाण्याच्या वर ४० सेंटिमीटर आहे. म्हणजे दांड्यावर तेलाचा १०० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ उभा आहे. तेलाची घनता पाण्याच्या सुमारे ०.८९ पट धरल्यास हा स्तंभ पाण्याच्या ८९ सेंटिमीटर उंच स्तंभाइतका दाब देईल. बाहेरून पाण्याचा दाब मात्र ६० सेंटिमीटरचाच आहे. आतील दाब २९ सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २९ ग्रॅम अधिक भरतो. अशा स्थितीत उभ्या असलेल्या बोटीचे सील थोडेसे बिघडले, तर तेल बाहेर जाईल, पण पाणी आत येणार नाही. दंतचक्रे वाचविण्यासाठी तेलाचा बळी देण्याचीच ही युक्ती आहे.

बाटली नसलेल्या बंद पेटीत काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. चालताना पेटी तापते, आतील तेल व हवा प्रसरण पावतात आणि आतला दाब वाढतो. सील झिजलेले असेल तर थोडी हवा किंवा तेल बाहेर ढकलले जाते. पुढे बोट थांबली, की थंड पाण्यात पेटी निवते, आतील द्रव्ये आकुंचन पावतात आणि आत किंचित निर्वात निर्माण होतो. मग त्याच झिजलेल्या ओठातून पाणी शोषले जाते. म्हणजे नुकसान बोट चालत असताना होत नाही, ती विसावा घेत असतानाच होते!

एक सोपा प्रयोग

हा तोल शाळेतही दाखविता येतो. काचेची यू आकाराची नळी घेऊन तिच्यात तळ भरेल इतके रंगीत पाणी घालावे. मग एका भुजेत हळूहळू गोडे तेल ओतून तेलाचा स्तंभ १० सेंटिमीटर उंचीचा करावा. जेथे तेल व पाणी यांची सीमा आहे, त्या पातळीपासून दुसऱ्या भुजेतील पाण्याची उंची मोजावी. ती सुमारे ९ सेंटिमीटर भरेल. हलक्या द्रवास जड द्रवाचा तोल राखण्यासाठी अधिक उंच उभे राहावे लागते, हे यावरून दिसेल. आपल्या उदाहरणातील ६० सेंटिमीटर पाण्याचा तोल राखण्यास तेलाचा स्तंभ ६० भागिले ०.८९, म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटर हवा. यास्तव बाटलीतील पातळी पाण्याहून निदान ७ सेंटिमीटर तरी उंच असली पाहिजे. समुद्राचे पाणी अधिक जड असल्याने तेथे हेच अंतर सुमारे ९ सेंटिमीटर होते.

प्रथम मोजणी, मग शंका

तेल उतरले असे वाटताच हत्यारे हाती घेण्याची घाई करू नये. ते खरोखरच उतरले आहे काय, हे प्रथम निश्चित करावे. पेटीत नवे तेल भरले असता आत हवेचे काही बुडबुडे अडकून राहतात. पहिल्या फेरीत ते वर येतात आणि त्यांची जागा बाटलीतील तेल घेते. ही एकदाच दिसणारी उतार म्हणजे गळती नव्हे. याच कारणास्तव तेल वरून ओतण्याऐवजी तळच्या छिद्रातून हातपंपाने चढवावे, म्हणजे हवा वरून निघून जाते, असे सांगितलेले असते.

दुसरी दक्षता उष्णतेविषयी. एक अंश सेल्सियस तापले असता असल्या तेलाचे आकारमान सुमारे ०.०००७ पट वाढते. पेटीत दोन लिटर तेल आहे व ते २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापले, तर वाढ २००० गुणिले ०.०००७ गुणिले ४०, म्हणजे ५६ मिलिलीटर होईल. आता मर्क्रूझरच्या वापरपुस्तिकेतील सूचना पाहा. बाटली पूर्ववत भरण्यास सुमारे ५९ मिलिलीटरहून अधिक तेल लागल्यास सील गळत असण्याचा संभव आहे, यंत्र चालवू नये, असे ती सांगते. या दोन्ही संख्या जवळजवळ सारख्याच आहेत! बोट नुकतीच थांबली असताना पातळी पाहिली, तर ज्या तुटीमुळे यंत्र थांबवावयास हवे, ती सबंध तूट तेलाच्या प्रसरणाखाली झाकली जाऊ शकते. म्हणून पातळी नेहमी यंत्र थंड असताना, बोट सरळ उभी असताना व पेटी एकाच ठरावीक स्थितीत ठेवून पाहावी. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख व यंत्र चालल्याचे तास लिहून ठेवावेत. चार-पाच नोंदींवरून गळती किती आहे आणि ती चालताना होते की उभे असताना, हे स्पष्ट होते.

तेल कोणत्या रूपात व कोठे सापडते

यानंतर तेलाचे निरीक्षण करावे. बोट जमिनीवर घेऊन रात्रभर स्वस्थ उभी ठेवावी व सकाळी तळचे बूच किंचित सैल करावे. पाणी तेलाहून जड असल्याने ते तळाशी साठते. प्रथम पाण्याचे थेंब आले तर पेटीत पाणी शिरले आहे, हे निश्चित. तेल सर्वत्र दुधाळ असेल, तर पाणी शिरल्यानंतरही यंत्र चालविले गेले आहे. बुचास चुंबक असल्यास त्यावर दिसणारी काळी, लोण्यासारखी मऊ भुकटी ही नेहमीच्या झिजेची असते. परंतु बोटांस टोचणारे कण किंवा चकत्या सापडल्यास दंतचक्रे वा बेअरिंगे तुटू लागली आहेत, असे समजून पेटी उघडलीच पाहिजे.

मग बाहेर पडलेले तेल शोधावे. ते जेथे सापडते ती जागा दोषाचे नाव सांगते.

नावेच्या तळाशी साठलेल्या पाण्यावर तेल तरंगत असेल, तर बाटली, तिचे झाकण, नळी किंवा नळीचे आवळपट्टे संशयास्पद ठरतात. मात्र तेथे इंजिनाचे तेल व पेटी उचलणाऱ्या पंपाचे तेलही सांडलेले असू शकते. गियर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. त्यावरून ते बहुधा ओळखता येते.

पंख्याच्या मुळाशी तेलाचे ओघळ दिसत असतील, तर पंख्याच्या दांड्यावरील सील दोषी असण्याचा संभव मोठा. पाण्यावर पसरणारे इंद्रधनुषी रंग पाहून मात्र लगेच निर्णय करू नये. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिनाचा धूर पुष्कळदा पंख्याच्या मध्यभागातूनच पाण्यात सोडलेला असतो व न जळलेल्या पेट्रोलाचाही तसाच रंगीत थर पाण्यावर दिसतो. शिवाय पंखा बसविताना दांड्यास ग्रीस लावलेले असते. इंजिन बंद करून बोट स्थिर असताना पंख्याजवळून तेलाचा एकेक थेंब वर येऊन पसरत असेल, तरच तो पुरावा मानावा.

पेटीच्या वरच्या व खालच्या भागांमधील सांध्यावर ओल दिसली, तर तेथील वळी किंवा सैल झालेले नट पाहावेत. येथे एक गोष्ट विसरू नये. तेल नेहमी खाली ओघळते. थेंब जेथे पडतो त्याच्या वरच कोठेतरी फट असते. पेटी स्वच्छ पुसून कोरडी करावी, तिच्यावर खडूची बारीक पूड उडवावी व काही तासांनी पाहावे. पूड जेथे सर्वांत वर ओली झाली असेल, तेथेच उगम आहे.

बाहेर कोठेच तेल दिसत नाही, तरीही पातळी उतरत आहे, अशी स्थिती सर्वांत फसवी असते. युनिव्हर्सल जॉइंटभोवती भात्यासारखी चुणीदार रबरी नळी असते. तिला बेलोज म्हणतात. पेटीच्या तोंडाशी असलेले सील गळू लागले, तर तेल या बेलोजमध्ये साठते व बाहेर दिसत नाही. पेटी नावेपासून सुटी केल्यावरच ते उघडकीस येते. बेलोजमध्ये तेलाऐवजी पाणी सापडले, तर मात्र बेलोज फाटली आहे. पिछाडीच्या फळीतील मोठे छिद्र व बाहेरचे पाणी यांच्यामध्ये हे रबरच काय ते उभे असते. ते मोठ्या प्रमाणावर फाटल्यास नाव बांधलेल्या जागी बुडू शकते. यास्तव तेलाच्या शोधार्थ पेटी काढली असता बेलोजची प्रत्येक चुणी ताणून, भेगा पडल्या आहेत काय, हे पाहिल्याशिवाय ती परत बसवू नये.

अर्धे अर्धे करून शोध

निरीक्षणाने निर्णय झाला नाही, तर यंत्राचे दोन भाग पाडून एकेकाची परीक्षा घ्यावी. पिछाडीच्या फळीपाशी आतल्या बाजूने नळी सोडवावी. नळीचे तोंड व फळीतील तोटी ही दोन्ही बुचांनी घट्ट बंद करावीत. बाटली खुणेपर्यंत भरून रात्रभर ठेवावी. सकाळी पातळी उतरलेली आढळली, तर दोष बाटलीत अथवा नळीत आहे व पेटीस हात लावण्याचे कारण नाही. पातळी कायम राहिली, तर दोष फळीतील तोटीत किंवा पेटीत आहे. संशयाचे क्षेत्र एका रात्रीत निम्म्यावर आले. पुढे हीच रीत तोटी व पेटी यांस लावावी. भलत्याच जागेचे सील बदलण्यात जो खर्च व श्रम होतो, तो या धीराने वाचतो.

याच वेळी नळी कोठे चेपलेली अथवा मुडपलेली नाही, हेही पाहावे. पेटी सुटी केली असता तेल सांडू नये म्हणून काही यंत्रांत नळीच्या मार्गावर आपोआप बंद होणारी झडप असते. ती अडकून बसली किंवा नळी चेपली, तर बाटलीतील तेल पेटीत उतरतच नाही. अशा वेळी बाटली भरलेली दिसते आणि पेटी मात्र रिकामी होत जाते. कित्येक महिन्यांत बाटलीतील पातळी गरम-थंड होतानाही तिळमात्र हलली नाही, तर ती शुभ खूण न समजता मार्ग मोकळा आहे की नाही, हे तपासावे.

दाबाची परीक्षा

दोष पेटीतच आहे असे ठरल्यावर ती उतरवून, तेल काढून, तिची हवेच्या दाबाने परीक्षा करतात. एका छिद्रास दाबमापक असलेला हातपंप जोडून बाकीची छिद्रे बंद करतात. आरंभी दर चौरस इंचास ३ ते ५ पौंड इतकाच दाब देतात. कारण थोड्या दाबाखाली सीलचा ओठ सैल राहतो व बारीक गळती उघड होते. मोठ्या दाबाने तोच ओठ दांड्यावर आवळला जाऊन दोष लपतो. दांडे हाताने फिरवावेत, गती बदलणारी काडी हलवावी आणि मापकाचा काटा स्थिर राहतो काय, ते पाहावे. त्यानंतर दाब उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत वाढवावा. त्यापलीकडे नेल्यास चांगले सीलही जागेवरून निसटते. काटा उतरू लागल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे; जेथे फुगे येतील तेथे फट आहे.

दाबाची परीक्षा तेल बाहेर जाण्याचा मार्ग दाखविते, परंतु पाणी आत येण्याचा मार्ग दाखवीलच असे नाही. पाठीस पाठ लावून बसविलेल्या सीलांचे कार्य ध्यानी घेतल्यास याचे कारण समजेल. म्हणून दाबानंतर हवा शोषून घेऊन निर्वाताचीही परीक्षा करतात.

सील का बिघडले?

दोषी सील सापडले म्हणजे शोध संपला, असे मात्र नाही. रबर काळाने कडक होते, हे एक कारण. परंतु मासेमारीची टाकून दिलेली नायलॉनची दोरी पंख्याभोवती गुंडाळली जाऊन सीलच्या ओठात शिरते व त्यास कापते, हे कारणही नेहमीचे आहे. पंखा काढून ही दोरी शोधली पाहिजे. पुष्कळ वर्षे चाललेल्या दांड्यावर सीलच्या ओठाने बारीक खाच पाडलेली असते. नखाला ती जाणवत असेल, तर त्याच जागी नवे सील टिकणार नाही. पंखा खडकावर किंवा पाण्यातील ओंडक्यावर आपटून दांडा वाकला असेल, तर तो फिरताना डोलतो व सीलचा ओठ त्याचा पाठलाग करू शकत नाही. बेअरिंग झिजून दांडा ढिला झाला, तरी परिणाम तोच. अशी गळती बोट उभी असताना दिसतही नाही. तेल तापून पातळ झाले आणि दांडा वेगाने फिरू लागला, म्हणजेच ती सुरू होते. खाऱ्या पाण्यात पेटीचे अ‍ॅल्युमिनियम खरवडले जाऊन सील बसविण्याची जागाच खडबडीत होते. ते टाळण्यासाठी पेटीवर जस्तासारख्या अधिक क्रियाशील धातूचे ठोकळे लावतात. ते झिजून गेले असल्यास वेळीच बदलावेत.

काम करताना इंजिनाची किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीची तार सोडवावी. इंजिनाच्या खणातील पेट्रोलची वाफ आधी बाहेर घालवावी. काढलेले तेल पाण्यात किंवा जमिनीवर ओतू नये. पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग दिसण्यास तेलाचा थर मिलिमीटरच्या दहा हजारांश भागांपैकी तीन भाग जाड असला तरी पुरतो. या हिशेबाने उपरोक्त ५९ मिलिलीटर तेल सुमारे २०० चौरस मीटर पाणी व्यापू शकते. एका लहानशा बोटीची 'किरकोळ' गळती एवढ्या पृष्ठभागास पुरी पडते!

समारोप

उंचावरील बाटली हे दोष दाखविणारे साधन आहे. परंतु झाकण उघडून चार घोट तेल ओतणे इतके सोपे आहे, की पुष्कळांच्या हाती तीच बाटली दोष झाकण्याचे साधन होऊन बसते. भर घातल्याने पातळी पूर्ववत होते, फट मात्र तशीच राहते व वाढत जाते. तेल उतरले असता ते किती, केव्हा व कोठे गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बोट पाण्यात नेऊ नये. हीच पद्धत विहिरीवरील पंपास, शेतातील ट्रॅक्टरच्या दंतचक्रपेटीस किंवा कारखान्यातील कोणत्याही बंद यंत्रास लावता येते. प्रथम मोजावे, मग पाहावे, मग संशयाचे क्षेत्र निम्मे निम्मे करीत जावे आणि दोष सापडला तरी त्याच्या मागील कारण विचारल्याशिवाय काम पुरे झाले, असे मानू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बंद दंतचक्रपेटीतील तेल कमी झाल्यास ते बाहेर गेलेच असले पाहिजे, असे का म्हणता येते?

२. पंख्याचा दांडा समुद्राच्या पाण्याखाली ५० सेंटिमीटर आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ व तेलाची ०.८९ धरून, बाटलीतील तेलाची पातळी पाण्याहून निदान किती उंच असावी, ते काढा.

३. बाटली नसलेल्या पेटीत पाणी बोट थांबल्यानंतर का शिरते?

४. बाटलीतील पातळी मुळीच हलत नाही, ही गोष्ट काळजीची का ठरू शकते?

५. दाबाची परीक्षा प्रथम थोड्या दाबाने का करतात? तिच्यानंतर निर्वाताची परीक्षा का लागते?